अकरा साठातून वजा

१

पेटीत हात घातला आणि विभाच्या बोटांना थेट तळाची फळी लागली.

तिने पुन्हा हात फिरवला. चारही कोपरे चाचपले. शेवटी गुडघ्यांवर बसून डोकंच आत घातलं. खडूंचा डबा होता, हजेरीपट होता, कथेकरी व्यासजींच्या झांजांची जुनी जोडी होती. पोथी नव्हती.

"दीदी, पेपर तपासायला कधी घ्यायचे?" दारातून रंजूने विचारलं.

"थांब गं जरा," विभा म्हणाली, आणि तिचा आवाज तिलाच परका वाटला. "पोथी गेली."

मझौऱ्याच्या शिवालयात देवाच्या खालोखाल कोणाला जपत असतील तर त्या पोथीला. पोथी म्हणजे लाल पुठ्ठ्याची, उशीएवढी जाड वही. सोन नदीच्या या घाटावर विभाजवळ बसून अभ्यास केलेलं लेकरू कुठल्याही भरतीची परीक्षा देऊन परतलं, की घरी जाऊन पाय धुण्याआधी त्याने इथे यायचं आणि आठवतील तेवढे प्रश्न डोळे मिटून सांगायचे, असा नऊ वर्षांचा रिवाज. कोणाला बारा आठवत, कोणाला चाळीस. रेल्वे, पोलीस, बँक, सचिवालय. नफा-तोटा, नळ आणि टाकी, कोणती नदी कुठे उगम पावते, फोटोतली बाई रमेशच्या मामाची कोण, सगळं त्या वहीत उतरलेलं. शहरातल्या एका शिकवणीवाल्याने तिच्यासाठी दोनदा माणूस पाठवला होता. विभाने दोन्ही वेळा त्याला सत्तूचं सरबत पाजलं आणि हात जोडले. आता रेल्वेची परीक्षा तीन दिवसांवर आली होती आणि पेटी रिकामी होती.

"कुलूप तोडलंय?" मंदिर समितीचे सचिव त्रिवेणीबाबू धोतर सावरत धावत आले.

"नाही. उघडून पुन्हा लावलंय."

कुलूप आकड्यांचं होतं, तीन चकत्यांचं. त्याचा आकडा विभा कोणाला सांगत नसे. भिंतीवर खडूने गणित लिहायची. ज्याला सुटेल त्याला पोथी उघडायचा हक्क. आज दुपारी तीनलाच तिने नवं गणित लिहिलं होतं. दोन, तीन, चार, पाच, सहा, कोणीही भागा, एक उरतो. सातने भागा, काही उरत नाही. अशी सर्वांत लहान संख्या कोणती?

त्रिवेणीबाबूंनी भिंतीकडे डोळे बारीक करून पाहिलं. "काय उत्तर याचं?"

"तीनशे एक."

"मला सात जन्मांत सुटलं नसतं." ते बोलता बोलता थांबले. कपाळावर आठी पडली. "म्हणजे बाहेरचा कोणी नाही, विभा. चोर तुमच्यातलाच आहे."

हे तिलाही कळून चुकलं होतं. पाच पन्नासला तिने स्वतःच्या हाताने वही पेटीत ठेवली होती, चकत्या फिरवल्या होत्या आणि घाटावर गेली होती. सहा ते सात सराव परीक्षा. एकशे चौऱ्याऐंशी मुलंमुली पायऱ्यांवर. मधून उठेल त्याचा पेपर बाद, हा नियम. आणि आज एकही जण उठला नव्हता. जे काही घडलं ते त्या एका तासात घडलं.

गटातले तिघेच परीक्षेला नव्हते. रामप्रवेश, शिवपूजन आणि नवलेश.

तेवढ्यात गर्दी बाजूला सारत शिवपूजन पुढे आला. गाल नुकतेच गुळगुळीत केलेले, चेहरा मात्र पांढराफटक.

"दीदी, मला हे बोलायचं नव्हतं," तो म्हणाला. "पण वही घेऊन जाणारा मी पाहिलाय."

२

"नाव सांग," त्रिवेणीबाबू गरजले.

"रामप्रवेश."

रामप्रवेश म्हणजे या घाटाचा अभिमान. पोलीस शिपायाच्या अंतिम यादीत त्याचं नाव येऊन पंधरा दिवसही झाले नव्हते.

"मी झगरूकाकांच्या खुर्चीत होतो," शिवपूजन सांगू लागला. "उद्या दुपारी मुलगी बघायला जायचंय, म्हणून दाढी. तोंडाला फेस. समोरच्या आरशात मागची गल्ली दिसते आणि मंदिराचं मागचं दार. रामप्रवेश त्या दारातून निघाला. काखेत पिशवी, चांगली जाडजूड. झपाझप नदीकडे गेला."

"किती वाजता?" विभाने विचारलं.

"सहा वीस."

"हात चादरीत, मोबाइल खिशात. मग इतकं नेमकं कसं रे?"

सोपा प्रश्न आल्यासारखा शिवपूजन जरा सावरला. "काकांनी चार दिवसांपूर्वी नवं घड्याळ लावलंय, दाराच्या वर. आकडे नाहीत, नुसत्या रेघा. आरशात पाच चाळीस दिसले. तुम्हीच शिकवलंय दीदी, घड्याळ आरशात दिसलं की अकरा साठातून वजा. अकरा साठ वजा पाच चाळीस, सहा वीस!"

मागे उभ्या असलेल्या पन्नासेक जणांचे ओठ ती वजाबाकी करताना त्याच्याबरोबर हलले. विभाचेही हलले. हे गणित त्यांच्या हाडीमासी भिनलेलं होतं. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी चुकले नसते.

"खरं आहे, दीदी." आवाज नवलेशचा. गटातला सर्वांत जुना, विभाचा उजवा हात. सराव परीक्षेचे निम्मे प्रश्न तोच काढायचा. आज दाढ दुखते म्हणून आला नव्हता. अजूनही गालावर रुमाल दाबून धरलेला. "मीही तिथेच होतो, दुकानाच्या बाकावर. माझ्या जिभेवर नाव येत नव्हतं, पण आता हा बोललाच. सहा वीसच झाले होते. मोबाइल बघितला मी."

त्रिवेणीबाबूंनी कागद मागवला. तिथेच देवळाच्या पायरीवर बसून त्यांनी तक्रारीचा अर्ज लिहिला आणि घडी घालून कुडत्याच्या खिशात ठेवला. "आज वही गेली. उद्या देवाचा मुकुट जाईल," ते म्हणाले. दुष्ट माणूस नव्हता तो. देवळाची कवडीही इकडची तिकडे होऊ नये म्हणून पंचवीस वर्षं झटलेला माणूस होता.

"बाबू, त्याची चारित्र्य पडताळणी व्हायची आहे," विभाने हात जोडले. "ठाण्यात नावावर एक तक्रार नोंदली गेली की नेमणूक लटकली. खटल्याचा निकाल लागेपर्यंत पोराचं वय उलटून जाईल."

"ते त्याने आधी बघायचं होतं."

"एक दिवस द्या मला."

देवळात सध्या रामकथा चालू होती आणि त्रिवेणीबाबू तिचे यजमान होते. सकाळी कथा सुरू झाली की आरती होईपर्यंत यजमानाने आसन सोडायचं नाही. त्यांनी क्षणभर विचार केला. "उद्याची कथा संपेपर्यंत तुला वेळ. आरतीचं तबक खाली ठेवलं की मी तसाच ठाण्यात."

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता नदीपलीकडच्या गावातून रामप्रवेश आला. डोक्यावर आईने तळलेल्या गोड ठेकुआंची टोपली. हसत हसत अंगणात शिरला, टोपली उतरवली, झाकण काढलं.

एकानेही हात पुढे केला नाही.

३

"जुनी पुस्तकं होती पिशवीत," रामप्रवेश म्हणाला. मागच्या ओसरीवर तो आणि विभा, दोघंच. "चुलतभावाला द्यायची होती. अंकगणिताची दोन, चालू घडामोडींची चळत. विचारा त्याला."

"त्याला विचारून काय होणार? तुझ्याच घरचा तो. निघालास कधी?"

"परीक्षेच्या आधी, दीदी. पोरं अजून पायऱ्यांवर जागेसाठी भांडत होती."

"कोणी पाहिलं का?"

"नदी कोरडी, चालत गेलो. वाळूने पाहिलं असेल." त्याने हसायचा प्रयत्न केला. "आईने कोणाकोणाला सांगितलंय माहीत आहे? दूधवाल्याला, गुरवाला, शेजारच्या म्हशीलासुद्धा सांगून झालंय तिचं. दीदी, मी निघून जाऊ का कुठेतरी?"

"पाऊल टाकून बघ. पहिली तक्रार मीच करीन." विभाने त्याच्या डोक्यावर टपली मारली. "पाच पन्नासला पोथी पेटीत होती. तू त्याआधी निघालास हे सिद्ध झालं की तू सुटलास. एवढंच गणित आहे."

"आणि सहा वीसला निघालो असेन तर?"

"तर मी तुला नऊ वर्षांत ओळखलंच नाही."

खांबाआड कोणीतरी खाकरलं. व्यासजी लवंग चघळत उभे होते, कथेला बसण्याआधी घसा मोकळा करत. सत्तरी उलटलेले, आवाज मात्र अजून पैलतीरी जाणारा.

"किती वेळ पाहिजे, बिटिया?"

"काय सांगू, बाबा. काही सुचतच नाहीये."

"आज केवट नावाड्याचा प्रसंग आहे. एरवी अर्ध्या तासात प्रभूंना पार करतो." म्हाताऱ्याने उपरणं सारखं केलं आणि एक डोळा बारीक केला. "आज नदीला वारा नाही, असं धर. केवट काही घाईत नाही. पळ."

४

विभाने शिवपूजनला घाटावर गाठलं. पण त्याआधी रंजूने तिला अडवून कानात सांगितलं होतं, "दीदी, रामप्रवेशच्या यादीत प्रतीक्षेवर पहिलं नाव कोणाचं ते बघितलंत? शिवपूजनचं. रामप्रवेश गळला की हा आत."

तिने आडपडदा न ठेवता विचारलं, "तुझं नाव प्रतीक्षेत पहिलं आहे?"

शिवपूजनने मान खाली घातली. "सगळं गाव तेच बोलतंय सकाळपासून. मुलीकडच्यांच्याही कानावर गेलं असेल. म्हणतील, नवरदेव मित्राचा गळा कापून नोकरीला लागणार."

"मग खोटं बोललास का?"

"खोटंच बोलायचं असतं तर पिशवी कशाला म्हणालो असतो, दीदी? वहीच पाहिली म्हणालो असतो. लाल पुठ्ठ्यासकट!" त्याचे डोळे भरून आले. "रामप्रवेश माझा भाऊ आहे. पण जे दिसलं ते दिसलं. पाच चाळीस आरशात. अकरा साठातून वजा. मला दुसरं उत्तरच येत नाही."

"नवलेश होता बाकावर?"

"होता. आरशात त्याचाही गाल दिसत होता, रुमाल लावलेला. रामप्रवेश गेला तेव्हा दोघंही तिथेच. काकांना विचारा."

ध्वनिक्षेपकावरून व्यासजींचा आवाज साऱ्या मझौऱ्यावर पसरला होता. केवट नावेत पाय ठेवू देईना. आधी पाय धुणार, म्हणे. आणि पाय धुवायचे तर परात हवी, परात आणायची तर बायकोला विचारायला हवं.

नवलेशची खोली बसथांब्याजवळ. तो पिशवी भरत होता. "बाराच्या बसने पाटण्याला निघालोय, दीदी. दाढ काढून टाकतो एकदाची."

"एकच विचारायचंय. सहा वीस तू कुठे पाहिलेस? त्या आरशात?"

"आरसा कशाला? मोबाइल आहे की हातात. आरशातलं पाहायचं आणि वजाबाक्या करायच्या, ती खोड पोरांची." तो कळवळून हसला. "वाईट वाटतं हो. पोरगं चांगलं होतं. पण मोह कोणाला सुटलाय?"

विभा बाहेर आली आणि उन्हात उभी राहिली. एकाने आरशातून वजाबाकी केली. दुसऱ्याने सरळ मोबाइल पाहिला. दोन वेगळ्या वाटांनी एकच उत्तर आलं की उत्तर बरोबर, बरोबरची खूण करा आणि पुढे जा. हे तीच शिकवायची ना? मग आता कुठल्या तोंडाने म्हणणार की उत्तर चूक आहे?

देवळाकडून टाळ्यांचा कडकडाट आला. परात मिळाली होती. आता पाणी आणायला घागर हवी होती.

राहिलं होतं फक्त झगरू न्हाव्याचं दुकान. त्या दुकानात विभाने आयुष्यात पाऊल टाकलं नव्हतं.

५

"अरे, अरे!" झगरू ठाकूर वस्तरा हवेत धरून थबकला. "इथे बायामाणसं येत नाहीत, बिटिया!"

"मी दाढी करायला नाही आले, काका."

खुर्चीतलं गिऱ्हाईक फेसातून फसकन हसलं. झगरूने त्याचं डोकं चापटी मारून सरळ केलं. "हलू नको! मान हलली की वस्तरा हलतो. माझ्या दुकानात गिऱ्हाइकाला कशालाही मान वळवावी लागू नये, अशी सगळी सोय केली आहे मी. गल्ली बघायची, आरशात बघा. रेडिओ ऐकायचा, कानाशी ठेवलाय. लग्नसराई आहे, बिटिया, एकाचा जरी गाल कापला तर वरातीत माझ्या नावाने शंख."

"काल शिवपूजनची दाढी केलीत तेव्हा रामप्रवेश गल्लीतून गेला?"

"गेला की. मीच म्हणालो, 'शिपाईबाबू निघाले.'"

"नवलेश होता?"

"बाकावर. दाढ धरून. त्याचा नंबर शिवपूजननंतर होता, पण रामप्रवेश गेल्यावर जरा वेळाने उठला आणि चालता झाला. म्हणे, नंतर येतो. आलाच नाही."

"वाजले किती होते?"

झगरूने खांदे उडवले. "माझे डोळे वस्तऱ्यावर. वेळ गिऱ्हाइकांनी बघायची."

विभाचा धीर सुटला. हीच शेवटची साक्ष होती, आणि तिनेही दोघांचं बोलणं खरंच ठरवलं. दोघंही दुकानात होते, रामप्रवेश गेला होता. ध्वनिक्षेपकावर केवट आता सासूला विचारायला निघाला होता; श्रोते हसून लोळत होते, पण म्हाताऱ्याचा आवाज चिरकायला लागला होता. फार तर अर्धा तास.

"बरं, येते काका," म्हणून ती दाराकडे वळली आणि सहज वर पाहिलं.

चौकटीच्या वर नवंकोरं घड्याळ. आकडे नाहीत, बारा रेघा. सकाळच्या दहाचा सुमार असताना त्यात दोन वाजून दहा मिनिटं झाली होती.

बंद पडलंय, असं तिच्या मनात आलं. मग सेकंदाचा बारीक लाल काटा दिसला. तो चालू होता.

उलटा चालला होता.

६

"काका!" विभा एवढ्या जोरात ओरडली की गिऱ्हाइकाने घाबरून डोळे मिटले. "हे घड्याळ!"

झगरू छाती फुगवून हसला. "दिसलं का? माझा साडू घड्याळजी आहे आरा शहरात. आतलं यंत्र उलटं बसवून घेतलं त्याच्याकडून. लोक वेळ बघायला मान वळवायचे, मला धडकी भरायची. आता आरशात बघा, सरळ वेळ दिसते. हे बघ."

विभाने आरशात पाहिलं. नऊ पन्नास. अगदी बरोबर.

म्हणजे आरशात दिसते तीच खरी वेळ. मझौऱ्यातल्या कुठल्याही शेतकऱ्याने, हलवायाने, वरपित्याने त्या खुर्चीत बसून आरशात पाच चाळीस पाहिले असते तर तो 'पाच चाळीस' म्हणाला असता आणि घरी गेला असता. अकरा साठातून वजा करायची बुद्धी झाली ती फक्त घाटावरच्या पोराला. आणि ती बुद्धी त्याला दिली होती विभाने.

रामप्रवेश पाच चाळीसला निघाला होता. पोथी पेटीत जाण्याच्या दहा मिनिटं आधी!

ती धावतच सुटली. चौकात येईपर्यंत मात्र तिच्या डोक्यात दुसरं चक्र फिरलं आणि पाय जागीच रुतले. शिवपूजनचं उत्तर चुकलं, ते का चुकलं हे कळलं. मग नवलेशचं कसं चुकलं? त्याने तर वजाबाकी केलीच नव्हती.

"रंजू!" तिने वाटेत दिसलेल्या रंजूला हाक मारली. "बसथांब्यावर जा. नवलेशला म्हणावं, दीदी विचारतेय, पोथीतले प्रश्न आठवून लिहायचेत, दोन मिनिटं ये. हात धरून आण."

मंडपात ती मागे उभी राहिली. व्यासपीठावरून म्हाताऱ्याची नजर तिच्यावर पडली. तिने मान हलवली. व्यासजींनी मोठा श्वास घेतला, झांज वाजली, आणि दोन तास अडून बसलेला केवट पाच मिनिटांत पैलतीरी पोहोचला. आरती झाली. तबक खाली ठेवताच त्रिवेणीबाबू उठले आणि खिशावर हात ठेवून म्हणाले, "झाला तुझा वेळ, विभा."

"दोन प्रश्न राहिलेत, बाबू. सर्वांसमोर विचारते."

सगळा घाट गोळा झाला होता. रामप्रवेश भिंतीला टेकून उभा. नवलेश खांद्यावर पिशवी घेऊन, बसच्या दिशेला बघत.

"शिवपूजन, दाढी झाल्यावर काय केलंस?"

"काय करणार? मावशीला फोटो पाठवला. ती म्हणाली होती, चेहरा बघू दे आधी."

"पाठवल्याची वेळ काय दिसते?"

शिवपूजनने मोबाइल काढला. पाहिलं. पुन्हा पाहिलं. तोंडाचा आ तसाच राहिला. "पाच अठ्ठावन्न," तो पुटपुटला. "दीदी, हे कसं? मी तर सहा वीसला फेसात..."

"फेसात होतास तो पाच चाळीसला. झगरूकाकांचं घड्याळ मुद्दाम उलटं बनवलंय, आरशात सरळ दिसावं म्हणून. तू पाहिलंस ते बरोबर. वजाबाकी केलीस ते चुकलं. आणि तिथे मी बसले असते तर मीही तेच केलं असतं."

गर्दीतून एक लाट गेल्यासारखी झाली. कोणीतरी कपाळावर हात मारून घेतला.

"आता दुसरा. नवलेश, तू आरशात पाहिलं नाहीस ना?"

नवलेशने रुमाल दुसऱ्या गालावर घेतला. "सकाळीच सांगितलं ना, दीदी. कदाचित..."

"मोबाइल म्हणालास. मोबाइलला आरसा नाही, वजाबाकी नाही. रामप्रवेश गेला तेव्हा तुझ्या मोबाइलमध्ये पाच चाळीसच असणार. मग तुझं उत्तर सहा वीस कसं आलं?"

नवलेशने पिशवीचा पट्टा घट्ट धरला.

"मी पेपर तपासते तेव्हा दोघांचं उत्तर बरोबर आलं तर काहीच कळत नाही," विभा हळू आवाजात म्हणाली. "पण दोघांचं तेच उत्तर चुकतं ना, तेव्हा दुसऱ्याने पहिल्याचं बघून लिहिलेलं असतं. हे तूच मला दाखवलं होतंस, नवलेश. शिवपूजन सहा वीस म्हणाला आणि तुला वाटलं, देवच पावला. सहा वीसला तू न्हाव्याच्या बाकावर होतास, असं आपोआप ठरलं. खरं तर तू सहाच्या आधीच तिथून उठलास. दुकान ते मागचं दार, वीस पावलं. आणि भिंतीवरचं ते तीनशे एकचं गणित तुला एका नजरेत सुटलं असतं."

"पिशवी उघड," त्रिवेणीबाबू म्हणाले.

नवलेशने स्वतःच उघडली. वर दोन सदरे. खाली लाल पुठ्ठा.

७

तो जमिनीवर बसला आणि रुमाल तोंडात कोंबून रडला. दाढ दुखत नव्हतीच. फेब्रुवारीत भरतीचं वय संपलं, तो म्हणाला. अकरा परीक्षा, चारदा एक-दोन गुणांनी नोकरी हुकली. त्या शिकवणीवाल्याने शब्द दिला होता, पोथी आण आणि उद्यापासून आमच्याकडे शिकवायला लाग. "घरी एकदा तरी सांगायचं होतं, लागलो म्हणून."

"आणि मी?" रामप्रवेशने विचारलं. तो त्याच्यासमोर येऊन उभा होता. "मला सगळ्यांसमोर चोर ठरवलंस, ते?"

"मी तुझं नाव घेणार नव्हतो रे. शिवपूजनने घेतलं, आणि माझ्या तोंडून हो निघून गेलं. मग माघारी येता आलं नाही."

त्रिवेणीबाबूंनी खिशातला अर्ज काढला होता. "नाव बदलायला कितीसा वेळ लागतो?" ते म्हणाले. "बोल रामप्रवेश, तुझ्या शब्दावर आहे."

विभाचा जीव पुन्हा टांगणीला लागला. पोरगं रात्रभर नव्हे, पण सकाळचे तीन तास जे जगलं होतं, त्याचा हिशेब त्याचा त्यानेच करायचा होता.

रामप्रवेश नवलेशकडे वळला. मग म्हणाला, "फाडा, बाबू. तो कागद काय करतो ते मी आज जवळून पाहिलंय."

"चोराला सोडायचं?"

"सोडायचं कुठे? रेल्वेची परीक्षा परवावर आली. हा इथेच बसेल, पोथी पहिल्या पानापासून मोठ्याने वाचेल आणि आम्ही सगळे लिहून घेऊ. प्रत्येकाच्या घरी एक पोथी. मग कोणी काय चोरणार?"

"घसा बसेल त्याचा," रंजू म्हणाली.

"बसू दे," व्यासजी घोगऱ्या आवाजात म्हणाले. "माझा बसलाच आहे. दोघं मिळून लवंग चघळू."

हशा पिकला. शिवपूजनही हसला, आणि ठेकुआच्या टोपलीवर एकदम इतके हात पडले की झाकण कुठे गेलं ते कळलं नाही. मुलीकडे जायला उशीर होतोय म्हणून पोरांनीच त्याला ढकलत रिक्षात बसवलं.

विभाने वही उचलली, पदराने पुसली आणि नवलेशच्या मांडीवर ठेवली. तिला राग होता. तो लवकर जाणारा नव्हता. "पान एक," ती म्हणाली. "मोठ्याने. शेवटच्या पायरीपर्यंत ऐकू गेलं पाहिजे."

तो वाचू लागला. एकशे चौऱ्याऐंशी पेनं चालू लागली.

रामप्रवेश मात्र पायरीवर एक छापील कागद पसरून बसला होता. पडताळणीचा अर्ज. त्याने तो विभापुढे धरला. "दीदी, खाली दोन प्रतिष्ठित व्यक्तींच्या सह्या लागतात. उमेदवाराला ओळखतो, चारित्र्य चांगलं आहे म्हणून. पहिली तुमची."

"मी रे कुठली प्रतिष्ठित? मला तर एक नोकरी लागली नाही."

"सही करा, दीदी."

तिने केली. अक्षर जरा तिरकं आलं.

"दुसरी कोणाची?"

"बघतो. मुखियाजींना विचारतो, नाहीतर शाळेचे..."

"आण इकडे."

त्रिवेणीबाबू मागे उभे होते. तक्रारीच्या अर्जाचे चार तुकडे अजून त्यांच्या मुठीत होते. ते त्यांनी खिशात टाकले, चष्मा लावला आणि कागद अगदी डोळ्यांजवळ धरून पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, एकही शब्द न गाळता.

"उमेदवाराला किती वर्षांपासून ओळखता, असं विचारलंय," ते म्हणाले.

"नऊ लिहा, बाबू. घाटावर आलो तेव्हापासून."

त्रिवेणीबाबूंनी मान हलवली. "नऊ वर्षं ओळखत असतो तर काल रात्री तो कागद लिहिला नसता मी." त्यांनी पेन उघडलं आणि त्या रकान्यात ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'आजपासून'. मग स्वतःच हसून ते खोडलं, शेजारी 'नऊ' लिहिलं, आणि खाली सही केली.